पहिल्या बिल्डच्या अलीकडे

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एखाद्या वाडीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सुट्टीला घरी आलाय असं समजू. लॅपटॉप जुना, रॅम आठ जीबी. नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट आणि पॅक रोजच्या दीड जीबीचा. त्याला लिनक्स कर्नलचा सोर्स कोड आपल्या मशीनवर आणून एकदा बिल्ड करून पाहायचा आहे. पहिली पायरी क्लोन करण्याची, म्हणजे गिट या साधनाने कोडची प्रत उतरवून घेण्याची. २००५ पासूनचा सगळा इतिहास त्या क्लोनबरोबर येतो आणि त्याचं वजन काही जीबी भरतं. दिवसाचा डेटा संपला की कंपनी वेग ६४ केबीपीएसवर आणून ठेवते. त्या वेगाने एक जीबी उतरायला सुमारे ३५ तास लागतात. तेवढ्यात रेंज एकदा तरी जाणार, लाईट एकदा तरी जाणार. आणि गिटचं क्लोन मध्येच तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होत नाही. पडद्यावर ‘अर्ली ईओएफ’ अशी ओळ उमटते आणि उतरलेलं सगळं फुकट जातं. म्हणजे या पॅकवर, या रेंजमध्ये हे काम उशिरा होईल असं म्हणण्यात अर्थ नाही. ते होणारच नाही.

जाणकार लगेच सांगेल, अरे, ‘डेप्थ एक’ लाव की. बरोबर आहे. तसं केलं तर मागचा इतिहास टाळून फक्त आजची प्रत येते आणि तीच कर्नल पाव जीबीच्या आसपास उतरते. आणखी एक मार्ग आहे: गिटचं बंडल. सगळी रिपॉझिटरी एका फाईलमध्ये बांधलेली, आणि फाईल असल्यामुळे तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करता येतं, नाहीतर पेनड्राईव्हवर घालून एसटीने पाठवताही येतं. पण हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही अडचण मुळात आलेलीच नसते. पुण्यातल्या कंपनीत बाजूच्या खुर्चीवरचा माणूस मान न वळवता हे सांगतो. पोलादपुरात बाजूची खुर्ची रिकामी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ओपन सोर्सचा खुलेपणा आपण परवान्यावरून मोजतो, आणि ते माप अपुरं आहे. कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो, हे कागदावर शंभर टक्के खरं. पण योगदान करायचं तर तो कोड आधी आपल्या मशीनवर चालला पाहिजे, त्याच्या टेस्ट चालल्या पाहिजेत, आपण केलेला बदल दिसला पाहिजे. या तयारीला विकासक ‘लोकल एन्व्हायर्न्मेंट लावणं’ म्हणतात आणि ती किरकोळ गोष्ट असल्यासारखी एका परिच्छेदात उरकतात. प्रत्यक्षात दुरुस्तीचा पॅच असतो दोन केबीचा. कर्नलच्या जगात तो अजूनही साध्या ईमेलने जातो, म्हणजे ६४ केबीपीएसवरही क्षणात पोचेल. त्या दोन केबींपर्यंत यायला मात्र काही जीबी, काही दिवस आणि कोणीतरी सांगणारा माणूस लागतो. खुलेपणा असेल तर तो या वाटेवर तपासायला हवा.

पोलादपूरच्या शेजारी, महाडच्या माणसाला ठराव आणि पाणी यांच्यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. सी. के. बोले यांच्या मांडणीवरून मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ च्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. कागद पूर्ण झाला, आणि त्यानंतर तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी कोणी अस्पृश्य माणूस पिऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या परिषदेला आलेले लोक चालत तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. पुढे नगरपालिकेने ठराव मागेही घेतला, खटला उभा राहिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. इथे मी सोसण्याची तुलना करत नाही. लॅपटॉप हँग होणं आणि माणूस म्हणून नाकारलं जाणं यांना एका ओळीत बसवणारा लेख फाडून टाकावा. पण संस्थात्मक शहाणपण म्हणून या गावाने जगाला जे दाखवलं ते कुठल्याही ‘खुल्या’ गोष्टीला लागू पडतं. खुलं असल्याची घोषणा करणाऱ्याचं काम घोषणेने संपतं असं त्याला वाटतं, आणि वाटेत काय उभं आहे हे फक्त चालणाऱ्याला दिसतं. महाडची वाट माणसांनी अडवली होती, जाणूनबुजून. इथली वाट कोणी अडवलेली नाही, ती कोणी बांधलीच नाही. दोष वेगळे आहेत, तळ्याशी न पोचणं सारखं आहे.

गंमत म्हणजे परवाने लिहिणाऱ्यांना हे अगदीच कळलं नव्हतं असं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती काढून बघा. ‘संपूर्ण सोर्स कोड’ कशाला म्हणायचं हे सांगताना तिथे कंपाईल आणि इन्स्टॉल करण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा मोजल्या आहेत. म्हणजे नुसता कोड फेकला आणि तो बांधायचा कसा हे दडवलं, तर त्याला सोर्स दिला असं म्हणता येणार नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. त्या काळी बांधण्याची स्क्रिप्ट बहुधा आटोपशीर असे. आज तिच्या मागे शेकडो पॅकेजेस, दोन-तीन भाषांच्या ठरावीक आवृत्त्या, डेटाबेस आणि कंटेनर उभे असतात. परवान्याचं अक्षर पाळलं जातं, हेतू मात्र निसटतो.

याचा एक परिणाम आपल्या देशाने जगासमोर फार वाईट रीतीने करून दाखवला. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४ पासून चालतो. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स प्रकल्पांना काही पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी सुरुवातीची अनेक वर्षं त्याची हाक होती. २०२० साली एका लोकप्रिय भारतीय यूट्यूब चॅनेलने प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाईलमध्ये एखादा शब्द घालून पुल रिक्वेस्ट कशी करायची ते दाखवलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कुठे ‘अमेझिंग’ हा शब्द जोडलेला, कुठे एक स्वल्पविराम. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर इतके वैतागले की संयोजकांना महिना सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पाने ‘आम्हाला चालेल’ असं सांगितलं तेवढेच धरायचे. २०२४ च्या सुरुवातीला तोच प्रकार एक्सप्रेस या प्रसिद्ध जावास्क्रिप्ट प्रकल्पावर झाला. शिकवणीच्या व्हिडिओत नमुना म्हणून ती रिपॉझिटरी दाखवली गेली आणि विद्यार्थ्यांनी खरोखरच तिच्या रीडमीत आपापली नावं घालून पुल रिक्वेस्ट पाठवल्या.

यावर जी चर्चा झाली ती मुलांच्या लायकीवर झाली. फुकट्या, आळशी, बायोडेटाला हपापलेली पोरं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट कोणी फारशी बोललं नाही. प्रकल्पातली रीडमी ही अशी फाईल असते जिच्यात बदल करायला काहीही लावावं लागत नाही. ती ब्राउझरमध्ये उघडते, मोबाईलवरसुद्धा. बिल्ड नको, टेस्ट नको, रॅम नको. ज्या मुलांना योगदान कर म्हणून सांगितलं आणि योगदानाचं साधन दिलं नाही, ती मुलं जिथे साधन लागत नाही तिथे जाऊन धडकली. तीन वर्षांहून अधिक अंतराने दोन वेगळ्या ठिकाणी गर्दी नेमकी त्याच फाईलवर जमावी, याला निव्वळ स्वभावदोष म्हणून मोकळं होता येत नाही.

आता समोरची बाजू. ती कच्ची नाही. अनुभवी मेंटेनर म्हणतात, ज्याला एन्व्हायर्न्मेंट लावता येत नाही तो पुढे काय दिवे लावणार? ही पहिली चाळणी आहे आणि ती असलेलीच बरी, कारण आमच्याकडे वेळ थोडा आहे आणि तोही बहुतेक फुकट दिलेला. शिवाय एन्व्हायर्न्मेंट लावताना माणूस शिकतो. ‘पाथ’ म्हणजे काय, पोर्ट आधीच वापरात आहे म्हणजे कोण वापरतंय, एरर शेवटून वाचायची की पहिल्यापासून, पायथॉनच्या दोन आवृत्त्या एकाच मशीनवर कशा नांदतात, विंडोजवर लिहिलेल्या फाईलच्या ओळींचा शेवट लिनक्सला का पटत नाही, हे कुठल्या पुस्तकातून नीट येत नाही. ते डोकं आपटूनच येतं.

हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि म्हणूनच दोन प्रकारचे त्रास वेगळे ओळखायला हवेत असं वाटतं. एक त्रास डोक्याला होतो. एरर वाचणं, अंदाज बांधणं, तो चुकणं, दस्तऐवजात मागे जाणं. हा त्रास दादरच्या मुलाला आणि पोलादपूरच्या मुलीला सारखाच होतो, आणि त्यातून दोघं सारखीच शिकतात. दुसरा त्रास खिशाला आणि जागेला होतो. तिसऱ्यांदा तेच चार जीबी उतरवून कोणी हुशार होत नाही. रॅम संपून मशीन गोठलं तर त्यातून शिकण्यासारखं एकच असतं, की आपल्याकडे पैसे कमी आहेत, आणि ते आधीपासून माहीत असतं. ज्या चाळणीची कौतुकं मेंटेनर करतात तिला हे दोन्ही त्रास एकच दिसतात. ती बुद्धी तपासते असं म्हणत ब्रॉडबँड तपासते. चिकाटीच्या नावावर विजेचा पुरवठा मोजला जातो.

आकड्यांत बोलायचं तर अँड्रॉइडच्या मूळ सोर्सचं बघा. गूगलचे दस्तऐवज त्यासाठी ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी डिस्क मागतात. २५० जीबी नुसता कोड उतरवायला, १५० बांधायला. अँड्रॉइडचा फोन वाडीवाडीत पोचलाय, गुरं राखणाऱ्याच्या खिशात आहे. पण त्याचा कोड बांधू शकेल असं मशीन महाड-पोलादपूर तालुक्यांत शोधत फिरावं लागेल. क्रोमियमचे दस्तऐवज किमान ८ जीबी रॅम चालेल म्हणतात, १६ पेक्षा जास्त असल्यास उत्तम, आणि १०० जीबी डिस्क. हे प्रकल्प अवाढव्य आहेत आणि त्यांचा आकार कोणी खोडसाळपणे वाढवलेला नाही. पण छोट्या, आपल्या जवळच्या प्रकल्पांनाही पसारा लागतोच. मुंबईत तयार झालेल्या फ्रापेच्या ईआरपीनेक्स्टचं उदाहरण घ्या. हिशेब आणि साठा सांभाळणारं हे सॉफ्टवेअर संपूर्ण ओपन सोर्स आहे आणि महाडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखान्याला सहज उपयोगी पडेल असं आहे. ते आपल्या मशीनवर लावायचं तर पायथॉन, नोड, मारियाडीबी, रेडिस आणि त्या सगळ्यांची मोट बांधणारं बेंच एवढं जमवावं लागतं. प्रत्येक गोष्टीला कारण आहे, एकही उगाच नाही. तरीही नवख्या माणसाला ते पाच वेगवेगळ्या कचेऱ्यांतले दाखले गोळा करण्यासारखं वाटतं, आणि प्रत्येक दाखल्याची आवृत्ती दुसऱ्याशी जुळावी लागते.

आकार कमी करता येत नसला तरी वाट आखता येते, हे फायरफॉक्सने दाखवून दिलं. ब्राउझरचा गाभा सी प्लस प्लस आणि रस्टमध्ये लिहिलेला. तो कंपाईल करायला साध्या लॅपटॉपला तासन् तास लागतात. पण बटणं, मेन्यू, सेटिंग्जची पानं यांच्यावर काम करणाऱ्याला तो गाभा बदलायचाच नसतो. म्हणून मोझिलाने ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ची सोय केली. जड भाग त्यांच्या सर्व्हरवर आधीच कंपाईल झालेला असतो, तो आयता उतरतो आणि आपल्याकडे फक्त वरचा हलका भाग बांधला जातो. तासांचं काम मिनिटांवर येतं. यात मोठा वैज्ञानिक शोध नाही. कोणीतरी बसून विचार केला की येणाऱ्या माणसाला नेमकं किती लागतं, आणि बाकीचं ओझं आपल्याकडे घेतलं. ओझं कोणी उचलायचं हा निर्णय असतो. तो न घेतला तर ते आपोआप सगळ्यात दुबळ्या मशीनवर पडतं.

त्याहून धाडसी प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आणि आपण तो विसरलो. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला पथदर्शी प्रयोग २००७ मध्ये रायगडात, कर्जतच्या बाजूच्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपला २५६ एमबी रॅम होती आणि १ जीबी साठवण. पण त्याच्या कीबोर्डवर एक कळ अशी होती जी आजच्या लाखाच्या लॅपटॉपवर नाही: चालू असलेल्या प्रोग्रॅमचा सोर्स दाखवणारी कळ. त्यावरचे बहुतेक प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिलेले, म्हणजे कंपाईल करण्याची भानगड नाही. वाचायचं, बदलायचं आणि चालवायचं मशीन एकच. वेगळी एन्व्हायर्न्मेंट लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती योजना पुढे बारगळली, तिच्यावर टीकाही खूप झाली आणि ती बरीचशी रास्त होती. शिक्षक आणि अभ्यासक्रम बाजूला ठेवून यंत्रं वाटल्याने शाळा बदलत नाहीत. पण ती कळ चूक नव्हती. पाव जीबी रॅमच्या यंत्रातही शिरायचं दार ठेवता येतं, एवढं तिने सिद्ध केलं.

हल्ली या सगळ्यावर रामबाण म्हणून क्लाउड सांगितला जातो. एन्व्हायर्न्मेंट लावूच नका, ती ब्राउझरमध्ये तयार मिळते. गिटहबचं कोडस्पेसेस नोव्हेंबर २०२२ पासून व्यक्तिगत वापरासाठी महिन्याला ६० तासांपर्यंत फुकट मिळू लागलं. दोन जीबीचं क्लोन त्यांच्या सर्व्हरवर होतं, आपल्याकडे फक्त पडदा येतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवाल्याने हे जरूर वापरावं, तत्त्वाच्या नावाखाली हट्टाने नाकारू नये. तरी सगळी भिस्त त्याच्यावर ठेवायला मी तयार नाही. भाड्याच्या यंत्राला रेंज सतत लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे रेंज आणि वीज दोन्ही पावसाच्या मर्जीवर असतात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडालं तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही बंद पडले. त्या दिवसांत कोडची चिंता कोणालाच नव्हती, नसावीही. मी बोलतोय ते साध्या पावसाळ्याबद्दल, दुपारी चार तास लाईट जाण्याबद्दल. स्वतःच्या डिस्कवर कोड असेल तर बॅटरी असेपर्यंत काम चालतं. गिट मुळात याचसाठी घडवलेलं आहे: लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ते लिहिलं तेव्हा पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असावा आणि कमिट करायला नेट लागू नये, हीच त्याची मांडणी होती. ज्या गुणामुळे क्लोन जड होतं, त्याच गुणामुळे नंतर नेट लागत नाही. पहिल्या दिवशी आडवं येणारं ओझं पुढे वर्षभर आधार देतं. मग तो पहिला दिवस पार कसा करायचा एवढाच प्रश्न राहतो, आणि तो एकट्याने पार करण्याची गरज नाही.

इथे कॉलेजांचं काम सुरू होतं. कंटेनरच्या इमेज जिथून येतात त्या डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये बिनखात्याच्या वापरकर्त्यांसाठी सहा तासांत १०० डाउनलोडची मर्यादा आणली आणि ती माणसामागे नव्हती, आयपी पत्त्यामागे होती. कॉलेजच्या लॅबमध्ये साठ मुलं एकाच जोडणीमागे बसतात, म्हणजे बाहेरच्या जगाला ती साठ मुलं एकच माणूस. पंचवीस-तीस जणांनी चार-चार इमेज मागितल्या की उरलेल्यांना नकार. एरर वाचून त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पण तीच गोष्ट उलटी करून बघा. तीच इमेज एकाने एकदा उतरवून लॅबच्या सर्व्हरवर ठेवली तर साठ जणांना ती आतल्या केबलवरून काही सेकंदांत मिळते, बाहेरचं नेट बंद असलं तरी. डेबियनच्या पॅकेजेसचा साठा, पायथॉन आणि नोडची नेहमी लागणारी पॅकेजेस, दहा-बारा निवडक प्रकल्पांची बंडलं, किविक्सवरचा ऑफलाईन विकिपीडिया आणि स्टॅक ओव्हरफ्लोचा संग्रह: हे सगळं एका साध्या हार्डडिस्कवर मावतं, आणि लागणारं सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे. लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्राचं विद्यापीठ आहे, बाबासाहेबांच्या नावाचं, महाडपासून महामार्गाने काही मैलांवर. असा साठा तिथे असावा आणि महिन्यातून एकदा त्याची प्रत महाड-पोलादपूरच्या कॉलेजांत पोचावी, ही मागणी फार मोठी नाही. आपल्याकडे याला परंपराही आहे. कनोनिकल कंपनी २००५ ते २०११ उबुंटूच्या सीडी जगभर फुकट पोस्टाने पाठवत असे, आणि संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी-डीव्हीडींवर एका पिढीचं लिनक्स शिकून झालं. नेट स्वस्त झालं आणि आपण समजलो की पोस्टाची गरज संपली. जिथे स्वस्त नेट पोचलं तिथे संपली.

पण डिस्क ठेवली म्हणजे मुलं शिकतात असंही नाही; एक्सओने तेच सांगितलं. दुसरी निकड लिहिलेल्या सूचनांची आहे, आणि त्याबाबतीत आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाकडून एक पद्धत सरळ उचलण्यासारखी आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, पायथॉन, लिबरऑफिस अशा विषयांचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, मराठीतही आहेत आणि ते नेटशिवाय चालतील असे बनवलेले आहेत. धड्याची संहिता तयार झाली की ती रेकॉर्ड करण्याआधी एका नवख्या माणसाला दिली जाते. त्याने ती वाचून, शब्दन् शब्द पाळून, तसंच्या तसं करून बघायचं. जिथे तो अडेल तिथे संहिता बदलायची, त्याला दोष द्यायचा नाही. किती प्रकल्पांच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना या तपासणीतून गेल्या असतील? बहुतेक सूचना अशा माणसाने लिहिलेल्या असतात ज्याच्या मशीनवर अर्ध्या गोष्टी आधीच होत्या. तो प्रामाणिक असतो. त्याला फक्त आठवत नाही की तीन वर्षांपूर्वी त्याने काय काय लावलं होतं. एन्व्हायर्न्मेंट लावण्याचं ज्ञान नाशवंत असतं: एकदा लागली की माणूस ते विसरतो, आणि पुन्हा आठवण्याची त्याला गरज पडत नाही. म्हणून ते ताज्या माणसाकडूनच लिहून घ्यावं लागतं, तो अडखळतोय तोवर.

आपल्या भागातल्या मुलांकडे त्यांचं म्हणून काही देण्यासारखं आहे का, हाही प्रश्न विचारला जातो. आहे. मराठीतला ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’तला तो आडवा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाईप होतो. दिसायला सारखा, आत साठवलेली चिन्हं वेगळी. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीचा मजकूर आणि जुने फॉन्ट यांच्याशी अजून भांडावं लागतं. असल्या चुका कॅलिफोर्नियातल्या माणसाला दिसतच नाहीत. सातबारा, मतदारयादी, शाळेचा दाखला यांत नाव शोधताना ती चूक इथल्या माणसाला ठेचकाळवते. अक्षरं जोडून दाखवण्याचं काम करणारी हार्फबझ ही लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत आहे, आणि ती त्या सगळ्यांच्या तुलनेत इतकी आटोपशीर आहे की साध्या लॅपटॉपवर बिल्ड होते. तिच्या टेस्टमध्ये मराठीतला एखादा तुटणारा जोड घालणं हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं काम आहे. चारशे जीबीच्या अँड्रॉइडला हात लावायची गरजच नाही. त्याच्या पोटात जाणारा हा लहान तुकडा दुरुस्त झाला की दुरुस्ती फोनात पोचते.

मेंटेनरांकडे मागायचं ते यापेक्षाही लहान आहे. प्रकल्पाच्या रीडमीत तीन आकडे लिहा: पहिल्या बिल्डपर्यंत किती डेटा उतरतो, डिस्कवर किती जागा जाते, आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर किती वेळ लागतो. हे आकडे मेंटेनरकडे नसतात, कारण त्याने कधी मोजलेले नसतात. त्याच्या घरी डेटा मोजावा लागत नाही. ते ज्याला मोजावे लागतात त्यानेच पाठवायला हवेत. मोबाईलच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा डेटा बघायचा, वजाबाकी करायची, ज्या एररला अडलो ती आणि तिचं उत्तर खाली जोडायचं आणि रीडमीवर पुल रिक्वेस्ट टाकायची. ही पुल रिक्वेस्ट पोलादपूरहून आली, तर ती टी-शर्टसाठी आलीय असं कोणी म्हणू शकणार नाही.